वाचकांचे प्रश्न: दहावा कामगार, अडकलेला प्लॉट आणि सबसिडीचा हिशेब

कामगार कायदे तर केंद्राचे. मग रोजगार वाढवायला राज्य सरकारच्या हातात उरतं काय? (लातूर)

बरंच काही. जमीन राज्यसूचीत आहे, कामगार आणि वीज समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणाऱ्या विषयांत. समवर्ती विषयात राज्याला केंद्राच्या कायद्यापेक्षा वेगळी दुरुस्ती करता येते. राज्यघटनेच्या कलम 254(2) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती मिळाली की ती त्या राज्यापुरती लागू होते. राजस्थानने 2014 मध्ये हाच रस्ता धरला. कामगारकपातीला किंवा कारखाना बंद करायला सरकारी परवानगी 100 कामगारांपासून लागत असे, ती मर्यादा 300 वर नेली. कारखाने अधिनियम वीज वापरणाऱ्या ठिकाणी 10 ऐवजी 20, आणि विजेशिवाय चालणाऱ्या ठिकाणी 20 ऐवजी 40 कामगारांपासून लावला. केंद्राच्या 2020 च्या कामगार संहितांत पुढे हेच आकडे आले. मात्र ज्या 300 च्या मर्यादेवरून भांडणं होतात, तिथे फार थोडे कारखाने पोहोचतात. बहुतेकांचं घोडं त्याच्या कितीतरी आधी अडतं.

माझ्याकडे नऊ जण आहेत. दहावा घेऊ नका, असं सगळे सांगतात. खरंच इतकं महाग पडतं? (इचलकरंजी)

पैशाने फारसं नाही. दहा जण झाले की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा, लागू होतं. 21,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर मालकाचे 3.25 टक्के, कामगाराचे 0.75 टक्के. 15,000 पगार असेल तर मालकाचे 487 रुपये 50 पैसे. पीएफ विसाव्या माणसापासून: 12 टक्के, म्हणजे 15,000 वर 1,800, शिवाय किरकोळ प्रशासकीय आकार. खरी भीती वेगळीच असते. एकदा ईएसआय लागू झालं की पुढे माणसं सहावर आली तरी ते सुटत नाही. मंदीत माणसं कमी झाली, पण विवरणपत्रं तशीच भरावी लागली, हे पाहिलेला मालक दहाव्याच्या वाटेला जात नाही. काही जण ठेकेदाराकडून माणसं घेतात. पण ईएसआयच्या मोजणीत तीही धरली जातात आणि थकबाकी व्याजासकट अंगावर येते. एकाच शेडमध्ये दोन फर्म दाखवणंही असंच उघडं पडतं.

हे दर राज्याला बदलता येत नाहीत. पण मालकाचा पीएफचा वाटा ठरावीक वर्षं परत देता येतो, गुजरातच्या 2022 च्या योजनेत तशी तरतूद आहे. आमच्या मते सरसकट सवलतीपेक्षा हे बरं, कारण पैसा पीएफ भरल्याच्या चलनावर नाव असलेल्या माणसामागेच जातो.

25 बाय 40 मीटरचा प्लॉट घेतला, पण शेड निम्म्यातच बसतेय. असं का? (नाशिक)

सामासिक अंतरामुळे, म्हणजे बांधकामाभोवती सक्तीने मोकळ्या सोडाव्या लागणाऱ्या जागेमुळे. समजा समोर 6 मीटर आणि बाकी तीन बाजूंना 3 मीटर मोकळे सोडायचे आहेत. उरले 19 बाय 31, म्हणजे 1,000 पैकी 589 चौरस मीटर. त्यातून पार्किंग आणि झाडांची जागा गेली की निम्मंच राहतं. 15 बाय 20 च्या प्लॉटला हाच नियम लावला तर 300 पैकी 99 उरतात! लहान उद्योजक जमिनीचे पैसे पूर्ण मोजतो आणि वापरतो एक तृतीयांश. अंतर प्लॉटच्या आकाराप्रमाणे ठरवणं आणि कमी धोक्याच्या उद्योगांना सामाईक भिंत देणं, ही तिजोरीला जवळजवळ फुकट पडणारी सुधारणा आहे. रसायनं किंवा फटाके असतील तिथे मात्र अग्निशमनाच्या बंबाची वाट सोडावीच लागेल. खरेदीआधी लागू बांधकाम नियमावली पाहा: एमआयडीसीत तिची स्वतःची असते, बाहेर बहुतेक ठिकाणी 2020 ची एकत्रीकृत नियमावली.

गुंतवणुकीवर सबसिडी दिली की रोजगार वाढतोच ना? (अमरावती)

ती कशावर मोजता, यावर आहे. समजा भांडवलावर 30 टक्के सबसिडी आहे. 10 कोटींच्या यंत्रांवर 20 माणसं लावणाऱ्याला 3 कोटी मिळतील, म्हणजे माणशी 15 लाख. 2 कोटींत 80 माणसांना काम देणाऱ्या शिलाई युनिटला 60 लाख, म्हणजे माणशी 75,000. सरकार इथे यंत्राला बक्षीस देतंय. त्यात रक्कम दोन-तीन वर्षं उशिरा आली, तर मोठा कारखाना तग धरतो. लहान मालक तिच्या भरवशावर काढलेल्या कर्जाचं व्याज भरत बसतो.