वेणीची वीण घातली की मफलर अरुंद होतो आणि टोकं मात्र पसरतात. टाक्यांचा हिशेब कसा करावा?

साध्या विणीच्या मापाने टाके घातले तरी मफलर आक्रसला आणि सुरुवातीची कड पंख्यासारखी पसरली, असं तुम्ही म्हणता. दोन्हींचं कारण एकच आहे. वेणीत तीन टाके दुसऱ्या तीन टाक्यांवर चढतात, त्यामुळे सहा टाके जेमतेम चार-साडेचार टाक्यांच्या जागेत बसतात. कडेच्या पट्टीत वेणी नसते, म्हणून ती मूळ रुंदीवर राहते. उपाय सोपा आहे: कडेला टाके कमी घालायचे आणि वेणी सुरू होण्याआधीच्या ओळीत वाढवायचे.

मध्यम जाडीची लोकर (१०० ग्रॅमला साधारण २०० मीटर) आणि ५ मिमीच्या सुया धरल्या, तर १६-१८ सेंमी रुंद आणि १६० सेंमी लांब मफलरला २०० ग्रॅम पुरते, थोडी उरतेही. नमुन्याचा तुकडा विणून बघणार असाल तर तो वेणीचाच विणा. साध्या विणीच्या तुकड्यावरून काढलेलं माप इथे फसवतं.

३६ टाके घाला. पाच ओळी पूर्ण सुलट. सहाव्या ओळीत ५ सुलट, मग (३ सुलट, १ वाढवा, ४ सुलट) असं चार वेळा, शेवटी ३ सुलट. सुईवर ४० टाके झाले. वाढवताना दोन टाक्यांमधला आडवा धागा डाव्या सुईवर उचलून त्याच्या मागच्या बाजूने विणा, म्हणजे त्याला पीळ बसतो. तसाच पुढून विणलात तर तिथे भोक दिसतं.

पुढे आठ ओळींचं आवर्तन:

ओळ १ आणि ३: ३ सुलट, (२ उलट, ६ सुलट) चार वेळा, २ उलट, ३ सुलट.
ओळ २ आणि ४: ३ सुलट, (२ सुलट, ६ उलट) चार वेळा, ५ सुलट.
ओळ ५: ओळ १ सारखीच, फक्त प्रत्येक ६ सुलटांच्या जागी वेणी.
ओळ ६ ते ८: अनुक्रमे २, १, २ सारख्या.

वेणीसाठी सहांपैकी पहिले ३ टाके न विणता जादा सुईवर घ्या आणि ती सुई कामाच्या पुढे सोडा. डाव्या सुईवरचे पुढचे ३ सुलट विणा, मग जादा सुईवरचे ३. सुई पुढे ठेवली की वेणी डावीकडे झुकते, मागे ठेवली की उजवीकडे. दोन वेण्या डावीकडे आणि दोन उजवीकडे घेतल्या तर मफलर मधोमध सारखा दिसतो. जादा सुई म्हणून मोज्यांची, दोन्हीकडे टोक असलेली सुई चालते, पण ती तुमच्या सुयांपेक्षा बारीक हवी. जाड असेल तर टाके ताणून सैल होतात आणि ते वेणीच्या मध्यावरच उठून दिसतात.

सगळ्यात जास्त चुकतं ते मोजण्यात. एक वेणी आठ ओळींनी, दुसरी दहा ओळींनी आली की ती लगेच नजरेत भरते. वेणीच्या ओळीत कडेच्या टाक्यात रंगीत धाग्याचा तुकडा अडकवा. त्यानंतर सात ओळी झाल्या की आठवी पुन्हा वेणीची. वेणी नेहमी सुलट बाजूलाच येते. उलट बाजू समोर असताना वेणीची पाळी आली, तर मोजणी चुकलेली आहे.

एखादी वेणी चुकीच्या बाजूला वळल्याचं वीस ओळींनंतर कळलं, तरी सगळं उसवू नका. तेवढेच सहा टाके सुईवरून सोडा, चुकीच्या ओळीपर्यंत उतरवा, अदलाबदल करा आणि मागे शिडीसारखे राहिलेले आडवे धागे खालून एकेक घेत पुन्हा विणून वर या. तीन-तीन टाक्यांसाठी मोज्यांच्या सुया इथेही कामाला येतात. धाग्यांचा क्रम मोडला नाही की झालं.

वेणीचा डावीकडचा शेवटचा सुलट टाका ढगळ दिसतो, ही तक्रार जवळजवळ सगळ्यांची असते. सुलटावरून उलटावर जाताना धागा पुढे आणावा लागतो आणि ती जादा लांबी त्याच टाक्यात शिरते. वेणीनंतरचा पहिला उलट टाका विणून झाला की धागा जरा ओढून घ्या. तेवढ्याने भागलं नाही, तर त्या उलट टाक्यात धागा सुईला नेहमीच्या विरुद्ध दिशेने गुंडाळा; धागा कमी लागतो. मात्र तो टाका सुईवर उलटा बसतो, म्हणून परतीच्या ओळीत तो मागच्या बाजूने विणायचा.

लोकर फिकट, गुळगुळीत आणि चांगल्या पिळाची घ्या. गडद किंवा केसाळ लोकरीत वेणी बुडून जाते, मग एवढी मेहनत कोणाला दिसणार? सुती धागा मी टाळेन. तो ताणत नाही, त्यामुळे प्रत्येक अदलाबदलीला सुई खेचावी लागते.

मफलरची मागची बाजूही दिसते आणि या विणीत ती साधीच असते. ते खटकत असेल तर वेणीच्या आठ टाक्यांत १ सुलट, १ उलट अशी वीण घ्या आणि चार टाके चारांवर चढवा. उलट टाके दबून जातात आणि वेणी दोन्हीकडे उमटते. टाक्यांची एकूण संख्या त्यानुसार बदलेल.

हव्या लांबीला आठव्या ओळीवर थांबा. साधारण ७-८ मीटर लोकर शिल्लक हवी. पुढच्या ओळीत ५ सुलट, (२ सुलट, २ एकत्र, ४ सुलट) चार वेळा, ३ सुलट. पुन्हा ३६ झाले. आणखी पाच ओळी सुलट विणून टाके सैलसर बंद करा. कोमट पाण्यात सौम्य साबणाने पंधरा मिनिटं भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि रुंदीला किंचित ओढून सपाट जागी वाळवा. इस्त्री फिरवली तर वेण्या चपट्या होतील.