मातृवंशाचा माग काढताना
दुर्मिळ मातृवंश, म्हणजे आई, आजी, पणजी अशी केवळ आईच्या बाजूने मागे जाणारी वंशरेषा, आज जेथे सर्वाधिक आढळतो तेच त्याचे मूळ, असा निष्कर्ष घाईने काढू नका. उगमाचा अंदाज संख्येपेक्षा शाखांच्या वैविध्यावरून अधिक येतो. चाचणी करायचीच, तर पेशीतल्या मायटोकाँड्रिया या घटकातील, फक्त आईकडून मुलांना मिळणाऱ्या डीएनएची सुमारे १६,५६९ अक्षरे पूर्ण वाचून घ्या. दोघांचा क्रम तंतोतंत जुळला, तरी त्यांची समान पूर्वजा शेकडो वर्षांमागची असू शकते.

मात्र त्याआधी गिरगावातल्या आजीपाशी निवांत बसा आणि तिच्या आईचे, मग त्या आईच्या आईचे माहेर विचारा, कारण लग्नात नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याच्या आपल्याकडील रीतीमुळे हा धागा कागदोपत्री फार लवकर तुटतो. माझ्या पणजीचे माहेरचे नाव मला अखेर माळ्यावरच्या तांब्याच्या कळशीवर, काठाखाली कोरलेले सापडले.