घर विकायचंय? खिडक्या सरसकट बदलू नका

वाशीतला फ्लॅट विकायचा म्हणून सगळ्या खिडक्या बदलायची घाई नको. स्लायडिंग जड सरकते? बहुतेक वेळा खालचे रोलर झिजलेले असतात. रोलर, रबर आणि ब्रशपट्टी बदलली की काम भागतं. फ्रेम वाकली असेल किंवा खाऱ्या हवेने पोखरली असेल, तरच नवी बसवा. तेव्हा एवढं सांभाळा:

- रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन जागी मोजा, सर्वांत लहान माप धरा.
- सोसायटीची लेखी परवानगी आधी.
- खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं सिलिकॉनने बुजवू देऊ नका. घाईतले कारागीर हमखास बुजवतात आणि पहिल्याच जोरदार पावसात ट्रॅक भरून पाणी घरात येतं.

मच्छरजाळीचा तिसरा ट्रॅक मात्र घ्याच. फ्रेम यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) की अ‍ॅल्युमिनियमची, ते नंतर बघू.