मनाई हुकूम हातात पडला. आता एकही फाइल पुसू नका

प्रश्न : जळगाव एमआयडीसीतल्या पीव्हीसी पाइपच्या कंपनीत मी नऊ वर्षं क्वालिटीला होतो. सोडताना दोन महिन्यांचा पगार अडवला, म्हणून कंपाउंडच्या (पाइपसाठीच्या कच्च्या मिश्रणाच्या) फॉर्म्युल्याच्या शीट आणि डीलरांचे दर पेनड्राइव्हवर ठेवून घेतले. काही झेरॉक्स घरी आहेत. आता धुळ्याला दुसऱ्या कंपनीत लागलो. परवा कोर्टाचा बेलिफ एकतर्फी (माझं म्हणणं न ऐकता दिलेला) मनाई हुकूम देऊन गेला. माहिती वापरू नये, कोणाला देऊ नये, सात दिवसांत प्रतिज्ञापत्रावर यादी द्यावी आणि सगळं कोर्टात जमा करावं, असं त्यात आहे. मित्र म्हणतो, सगळं पुसून टाक आणि काहीच नाही म्हणून सांग.

उत्तर : भाऊ, मित्राचं ऐकू नका. कंपनी असा दावा लावते तेव्हा बहुधा तुमचा ऑफिसचा कॉम्प्युटर आधीच तपासून घेतलेला असतो. पेनड्राइव्ह कधी लावला, मेलवर काय गेलं, याच्या खुणा तिथे राहतात. हुकुमानंतर पुसलंत तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९ नियम २-अ खाली मालमत्तेची जप्ती आणि तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम २४१) वेगळा. ‘काहीच नाही’ हे प्रतिज्ञापत्रावर लिहिलंत तर खोट्या शपथेचं प्रकरण मागे लागेल.

कंपनीच्या गेटवर नेऊनही देऊ नका. वॉचमन पोच देत नाही, आणि पुढच्या तारखेला ‘तीन फाइली कमी आहेत’ असं म्हणणं येतं.

पेनड्राइव्ह आता कुठेच लावू नका, नव्या कंपनीच्या कॉम्प्युटरला तर मुळीच नाही. फाइल उघडून सेव्ह झाली की तारीख बदलते, आणि तीच तारीख उद्या तुमच्या कामाची असते. मोबाइलमधलं गूगल ड्राइव्ह आणि व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही तपासा. ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी आपोआप कायमची जाते. काही तिथे पडलं असेल तर वकिलांना आजच सांगा. पेनड्राइव्हची प्रत कोर्टाच्या परवानगीने जाणकाराकडून काढून हॅश व्हॅल्यू (फाइलमध्ये काहीही बदललं की बदलणारा, तिच्या ठशासारखा आकडा) नोंदवून घ्या, म्हणजे नंतर बदल केल्याचा आरोप सहज टिकणार नाही.

यादीत प्रत्येक वस्तूपुढे चार गोष्टी हव्यात : नाव, तारीख, कुठे सापडली, आणि कोणाला दाखवली किंवा पाठवली का. कुठे कुठे शोधलं तेही लिहा. फॉर्म्युल्याचा मजकूर मात्र प्रतिज्ञापत्राला जोडू नका. कोर्टाच्या परवानगीने सीलबंद पाकिटात द्या, नाहीतर त्याची नक्कल बाहेर जाऊ शकते. नेमणूकपत्र, पगारपत्रकं, पीएफचे कागद तुमचे स्वतःचे. ते वेगळे काढा. सात दिवस पुरत नसतील तर मुदतवाढीचा अर्ज मुदत संपायच्या आत द्या.

हे झालं की लढा, त्याआधी नाही. वकीलपत्र दाखल करून निशाणी ५ वर (कंपनीच्या तात्पुरत्या मनाईच्या अर्जावर) म्हणणं द्या. दाव्याची कैफियत (लेखी उत्तर) समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत द्यायची असते, ती यात विसरली जाते. कंपनीने पगार अडवल्याचं लपवून किंवा महत्त्वाचं खोटं सांगून हुकूम मिळवला असेल तर त्याच आदेश ३९ च्या नियम ४ खाली तो उठवायला वा बदलायला अर्ज करता येतो. ‘नोकरीत कळलेली कोणतीही माहिती’ अशी मोघम भाषा असेल तर ती नेमक्या कागदांपुरती करून मागा. पाइपच्या भिंतीची जाडी आयएस ४९८५ या भारतीय मानकात छापलेली आहे, ते कोणाचंच गुपित नाही. रेझिन, कॅल्शियम कार्बोनेट आणि स्टॅबिलायझर यांचं कंपनीने स्वतः बसवलेलं प्रमाण हे गुपित असू शकतं. मशीन चालवण्याचं तुमचं कसब तुमचंच.

धुळ्याची नोकरी एवढ्यावरून जात नाही. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करू नये ही अट करार कायद्याच्या कलम २७ खाली साधारणपणे टिकत नाही. गुप्तता पाळण्याची अट मात्र टिकते. नव्या साहेबांना हुकुमाची प्रत दाखवा, कागदांतलं अक्षरही नको.

हुकूम उठवण्याचा अर्ज फेटाळला तर अपील आहे : दिवाणी न्यायाधीशांच्या आदेशावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत, जिल्हा न्यायाधीशांच्या आदेशावर उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात ९० दिवसांत.

पगारापोटी कागद अडकवून ठेवण्याचा हक्क नोकराला नाही, हे मात्र स्पष्ट सांगतो. थकबाकी आणि ग्रॅच्युइटीचा दावा स्वतंत्र लावा. त्यात हजेरीपत्रक किंवा पगाराचं रजिस्टर लागलं तर प्रत लपवून ठेवू नका. ते हजर करायला लावण्याचा अर्ज त्या थकबाकीच्या दाव्यातच करता येतो.