ज्योत इतकी सावकाश, मग गाडी पळते कशी?

प्रश्न: सर नमस्कार, माझं हिंगणघाट रोडले टू-व्हीलर रिपेरिंगचं दुकान हाये. पोरगा अकरावी सायन्सले हाये, तो म्हणते पेट्रोल अन् हवेच्या मिश्रणात ज्योत सेकंदाले ४० सेंटिमीटरच्या आसपासच सरकते. असं असन तं ६००० आरपीएमवर पेट्रोल जळते कवा? अन् भाचा वणीकडं कोळशाच्या खाणीत हाये, तो म्हणते खाणीतला गॅस पेटला का ज्योत आधी चालते अन् मंग धावते. हे काहून?
– एक वाचक, जि. वर्धा

उत्तर: भाऊ, पोरगा बरोबर सांगतोय आणि तुमची शंका तर लाखमोलाची आहे, इंजिनवाल्यांनी या एका गोष्टीवर शंभर वर्षांहून जास्त डोकं लावलंय.

४० हा आकडा शांत मिश्रणाचा. १०० सीसी गाडीचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, साधारण ५० मिलिमीटर, प्लग एका बाजूला, म्हणजे ज्योतीला चार-एक सेंटिमीटर जायचंय, ४० च्या वेगानं त्याला सेकंदाचा दहावा हिस्सा लागणार आणि तेवढ्यात ६००० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला ६००० चकरांवर, तुमचा क्रँकशाफ्ट (इंजिनचा फिरता दांडा) १० चकरा मारून मोकळा! आता कॉम्प्रेशननं मिश्रण तापलेलं असतं, जळालेला गॅस फुगून ज्योतीला पुढं रेटतो, त्यानं वेग बराच वाढतो, तरीपण ढोबळ हिशेबानं एक अख्खी चक्कर जाते. जळणं तर चकरेच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्यात उरकायला पाहिजे.

उरलेलं काम करतात भोवरे. इनटेक वॉल्व्हच्या फटीतून मिश्रण जोरात आत घुसतं, सिलिंडरभर लहानमोठे भोवरे उठतात, आणि ज्योतीचा पातळ पडदा त्यांच्यात सापडून चुरगळतो. धुऱ्यावरचं वाळलं गवत पेटवलं की आगीची रेघ सरळ असली तर एका वेळी थोडंच जळतं, तीच रेघ वाकडीतिकडी झाली की लांबी वाढते, प्रत्येक ठिकाणी आग आधीच्याच चालीनं सरकते पण एकूण गवत कितीतरी जास्त जळतं. सिलिंडरमध्येही तेच, पडद्याचं क्षेत्रफळ वाढलं की जळणं वाढलं. जर्मन शास्त्रज्ञ डामकोहलर यांनी १९४० मध्ये हे नीट मांडलं. ज्योतीच्या जाडीपेक्षाही बारीक भोवरे असले तर ते पडद्याच्या आत शिरून उष्णताच घुसळतात, असंही त्यांनीच सांगितलं.

आणि मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे आरपीएम वाढला की भोवऱ्यांचा जोरही जवळपास त्याच प्रमाणात वाढतो! त्यामुळे २००० ला जळायला क्रँकचे जेवढे अंश लागतात, ६००० ला त्याहून थोडेच जास्त लागतात, इंजिन स्वतःच स्वतःची ज्योत पळवतं. ब्रिटिश इंजिनिअर ड्युगाल्ड क्लार्क यांनी १९१२ च्या सुमारास एक झकास प्रयोग केला, मिश्रण आत घेतलं, ठिणगी न देता तेच दोन-तीनदा दाबलं-सोडलं, भोवरे विझू दिले आणि मग पेटवलं, तर जळणं एकदम मंदावलं.

पण भोवरे लई झाले तर ज्योत इतकी ताणली जाते की तिची उष्णता तिच्या कमाईपेक्षा जास्त निघून जाते आणि ती जागोजागी विझते. मिश्रण लीन, म्हणजे पेट्रोल कमी नि हवा जास्त असलं की हे लवकर होतं. कार्बोरेटरच्या मागं इनटेकच्या रबरातून हवा ओढली की गाडी मिस मारते, त्यात मिश्रण पातळ होणं तर आहेच, पण अशा अशक्त ज्योतीला हेच भोवरे सोसत नाहीत.

आता भाच्याची गोष्ट. खाणीतला गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन, तो हवेत साधारण ५ ते १५ टक्के असला की पेटतो. सुरुवातीला ज्योत खरंच सावकाश असते, पण जळालेला गॅस फुगून समोरच्या हवेला ढकलतो, ती हवा खांब, कोळशाचे टब, कन्व्हेयरचे पट्टे यांना धडकून भोवरे उठवते, ज्योत त्या भोवऱ्यांत शिरली की आणखी जोरात जळते, मग समोरची हवा आणखी जोरात ढकलली जाते, आणि हे चक्र वाढतच जातं. इंग्लंडात चॅपमन आणि व्हीलर या संशोधकांनी १९२६ साली मिथेनच्या नळीत नुसत्या कड्या बसवल्या तर ज्योतीचा वेग सेकंदाला ४०० मीटरच्या वर गेला, नळी तरी जेमतेम अडीच मीटरची! म्हणून भाच्याला सांगा, गॅलरीत (खाणीतल्या बोगद्यात) अंथरलेली दगडाची भुकटी कुणी फालतू समजू नका. ज्योतीच्या पुढं पळणारा वारा कोळशाची धूळ उडवतो, ती पेटली तर स्फोट अख्ख्या खाणीत पसरतो, पण त्याच वाऱ्यानं ही भुकटीही उडते आणि उष्णता शोषून ज्योत तिथंच अडवते.