वय २६, केस फार गळतायत. आहार आणि घरगुती उपायांनी थांबतील का?

भावा, आधी आरशात नीट बघ. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकलेत, टाळू दिसायला लागलीय? मग ते आनुवंशिक टक्कल. डीएचटी हार्मोनमुळे केसांची मुळं बारीक होत जातात, ते आवळ्याने थांबत नाही. लगेच त्वचारोगतज्ज्ञ गाठ. मिनॉक्सिडिलसारखी औषधं लवकर सुरू केली तरच चांगली लागू पडतात.

सगळ्या डोक्यातून मूठभर जात असतील, तर दोन-तीन महिने मागे आठव. माझ्या धाकट्या भावाला डेंगी झाला, तो उठला, तालमीत जायला लागला आणि मग गळती सुरू. रोज सकाळी उशीचा अभ्रा केसांनी काळा. रक्तात फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, कमी निघालं. असे केस बहुतेकदा सहा महिन्यांत परत येतात, आणि इथं आहार खरा कामाला येतो.

आपण कोल्हापूरकर तांबडा-पांढरा रस्सा वाट्यांवर वाट्या पितो, पण प्रोटीन रश्श्यात नाही, मटणाच्या फोडीत आहे. ६५ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५५-६५ ग्रॅम प्रोटीन लागतं. एका अंड्यात जेमतेम ६. शाकाहारी असशील तर मोड आलेली मटकी, डाळ, गंगावेशीतलं दूध. मटकीवर लिंबू पिळ, लोह चांगलं शोषलं जातं. जेवणावर लगेच चहा मात्र नको.

कांद्याच्या रसाचा जो छोटा अभ्यास सगळे सांगतात, तो चाई पडलेल्यांवरचा, म्हणजे गोल चकत्यांनी केस गेलेल्यांवरचा होता, टकलावरचा नव्हे. खोबरेल जरूर लाव, केस कमी तुटतात. नवे उगवत नाहीत.