वय 26, बीपी 150/98 आणि रात्रभर झोप नाही. गोळी सुरू करू की थांबू?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात राहून एमपीएससीची तयारी करताय, रक्तदान शिबिरात बीपी 150/98 निघाला म्हणून रक्त घेतलं नाही, नंतर दवाखान्यात दोन वेळा तपासला तेव्हाही जवळपास तेवढाच आला. डॉक्टरांनी बीपी उतरवणारी ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली, पण एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागेल या भीतीने पाकीट तसंच पडून आहे. रात्री दोन-तीनपर्यंत डोळा लागत नाही. आणि घरी अजून काहीच सांगितलेलं नाही.

आधी थेट उत्तर देतो. गोळीचा निर्णय लांबवू नका. याच आठवड्यात त्याच डॉक्टरांकडे परत जा आणि गोळी अजून सुरू केली नाही हे स्पष्ट सांगा. पण या वेळी बीपीबरोबर झोपेचंही सगळं सांगा, कारण शिबिरापासून आजवर प्रत्येकाने तुमचा फक्त आकडा पाहिलाय. तरुण वयात हे दोन त्रास एकत्र आले की त्यांचा एकमेकांशी संबंध आहे का, हे तपासलंच पाहिजे.

मी डॉक्टर नाही. मलाही विशीतच बीपी निघाला, तेव्हा मीही नारायण पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे अनेकांच्या खोलीत फक्त एक पलंग भाड्याने घेऊन, राहत होतो. अभ्यासिका, मेस, टपरीवरचा चहा, सगळं तुमच्यासारखंच. आता तिशी ओलांडली, गोळी चालू आहे, बीपी ताब्यात आहे, झोप लागते. त्यामुळे जे सांगतोय ते या वाटेवरून गेलेल्या माणसाचं समजा.

डॉक्टरांकडे जाण्याआधी घरच्या नोंदी सुरू करा. दवाखान्यात नुसतं बसल्यानेही काहींचा बीपी चढतो, तर काहींचा तिथे बरा आणि बाहेर जास्त असतो. मनगटावरचं नको, दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, आणि पट्टा तुमच्या दंडाच्या मापाचा बघा, कारण लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, पाठीला टेकू असलेल्या खुर्चीत पाच मिनिटं शांत बसा. पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या पातळीला, मोबाइल बाजूला, बोलणं बंद. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा. रात्री झोपण्याआधी पुन्हा तसंच. सात दिवस करा, पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरच्या मोजणीत ही सरासरी 135/85 किंवा त्यावर असेल तर बीपी खरंच वाढलेला आहे असं धरतात. दवाखान्यात हीच रेषा 140/90 ची असते. भेटीच्या दिवसापर्यंत जेवढ्या नोंदी होतील तेवढ्या घेऊन जा, उरलेल्या नंतर दाखवा. शंका राहिली तर 24 तास पट्टा बांधून ठेवायची तपासणीही असते, आणि झोप बिघडलेल्या माणसासाठी ती जास्त उपयोगी, कारण रात्रीचा बीपी त्यातच कळतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळा. रात्री दोन वाजता झोप येत नाही म्हणून मशीन लावू नका. त्या वेळी मन धास्तावलेलं असतं, आकडा वर येतो, तो पाहून झोप आणखी उडते. मशीन कपाटात ठेवा. (अंगात त्रास जाणवत असेल तर गोष्ट वेगळी, त्याबद्दल खाली लिहितो.)

आता मूळ मुद्दा. डॉक्टरांना ‘बीपी किती आहे’ याबरोबर ‘माझ्या वयात का आहे’ हेही विचारा. ‘परीक्षेचं टेन्शन असेल’ यावर समाधान मानू नका. पन्नाशीत वाढलेल्या बीपीमागे बहुतेक वेळा एकच ठळक कारण सापडत नाही. विशीत मात्र ते शोधून पाहावं लागतं. मूत्रपिंडाचा जुना आजार, मूत्रपिंडाला रक्त नेणारी धमनी अरुंद होणं, मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क (ॲड्रिनल) ग्रंथीतून मीठ धरून ठेवणारं अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक जास्त सुटणं, थायरॉइड, महाधमनी जन्मतःच एका जागी चिंचोळी असणं, अशी ती कारणं. सुरुवातीच्या तपासण्या साध्या असतात: लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं), सोडियम-पोटॅशियम, साखर, रक्तातली चरबी, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), ईसीजी. दोन्ही दंडांचा बीपी एकदा मोजायला सांगा आणि पायातली नाडीही बघायला सांगा. पोटॅशियम कमी निघालं किंवा लघवीत प्रथिन सापडलं तर पुढची दिशा तिथूनच मिळते. माझ्या या सगळ्या तपासण्या ठीक निघाल्या. अनेकांच्या निघतात, आणि मूत्रपिंड सुरक्षित आहे हे कळण्यालाही मोल आहे.

पोटात काय जातंय याचीही यादी करून न्या. पाठदुखी-डोकेदुखीसाठी सारख्या घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या, सर्दीच्या काही गोळ्या, स्टिरॉइड, एनर्जी ड्रिंक, जिमच्या आधी घ्यायची पावडर, हे सगळं बीपी वाढवू शकतं. ज्येष्ठमधही. आपल्याकडे घसा बसला की ज्येष्ठमधाची कांडी चघळतात, काढ्यात घालतात. ते रोज आणि भरपूर पोटात गेलं तर शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं आणि बीपी चढतो. सिगारेट किंवा तंबाखू असेल तर तीही यादीत लिहा. निकोटीन बीपीही चढवतं आणि झोपही मोडतं.

झोपेबद्दल डॉक्टरांना ‘झोप येत नाही’ एवढंच सांगू नका. पडून जागं राहणं वेगळं, आणि सात तास झोपूनही सकाळी अंग जड, डोकं दुखणं, अभ्यासिकेत पुस्तकावर डुलकी येणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात झोपेत श्वास अडण्याची शक्यता बघावी लागते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू दचकून जागा करतो, आणि प्रत्येक वेळी बीपीला उसळी मिळते. निरोगी माणसाचा बीपी झोपेत साधारण 10 ते 20 टक्के खाली येतो; यात तो उतरतच नाही आणि हळूहळू दिवसाही चढा राहतो. हा आजार फक्त जाड माणसांना होतो हा समज चुकीचा आहे. लहान जबडा, मोठे टॉन्सिल असलेल्या सडपातळ मुलांनाही तो होतो.

माझ्या बाबतीत हेच निघालं, आणि ते कळलं ते खोलीतल्या मित्रामुळे. तो म्हणाला, तू घोरतोस, मध्येच एकदम शांत होतोस आणि मग धापा टाकत उठतोस. हे वाक्य डॉक्टरांना सांगितल्यावर त्यांनी झोपेची तपासणी करायला लावली. पुढे रात्री मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लागलं, आणि सकाळची डोकेदुखी थांबली. बीपी नुसत्या मशीनने पूर्ण उतरला नाही, गोळी लागलीच. पण तोवर अर्धवट उतरणारा बीपी त्यानंतर ताब्यात आला. तुमच्या खोलीतल्या मुलांना आजच विचारा. लाजू नका, हवं तर रात्री मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. आणि तोपर्यंत कुणाच्या सांगण्यावरून झोपेची गोळी घेऊ नका. श्वास अडत असेल तर त्यातल्या काही गोळ्या धोका वाढवतात, शिवाय सवय लागते ती वेगळी.

तुमचा प्रकार पहिला, म्हणजे नुसतं जागं राहण्याचा असेल, तर त्यावर औषधाच्या आधी वर्तनोपचार सुचवतात, आणि तो खरंच काम करतो. उठण्याची वेळ ठरवा आणि रात्र कशीही गेली तरी ती पाळा, रविवारीसुद्धा. झोप आल्यावरच आडवे व्हा. वीसेक मिनिटं झोप लागली नाही असं वाटलं तर उठा, मंद उजेडात बसा, पेंग आल्यावर परत या. कॉट बेसिसवर यातली खरी अडचण ही की पलंग हाच आपला टेबल, हीच जेवायची जागा, हाच दिवाणखाना. मला वाटतं पेठांमधल्या निम्म्या जागरणांचं मूळ इथे आहे. शरीराला पलंग म्हणजे झोप हे ठाऊकच राहत नाही. अभ्यास अभ्यासिकेत, फोन खुर्चीत, पलंगावर फक्त झोप, एवढं तरी पाळा. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, त्यामुळे दुपारी दोननंतरचा चहा बंद. अभ्यासिकेतले मित्र रात्री अकराला टपरीवर जातात तेव्हा सोबत जायला हरकत नाही, हातात कप नको. याचा परिणाम दिसायला काही आठवडे जातात, आणि पहिला आठवडा जड जातो हे आधीच सांगून ठेवतो. निकालाच्या काळजीने छाती भरून येत असेल, जगणंच नको वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

जेवणाचं थोडक्यात. दिवसभरात सगळं मिळून मीठ पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एका चहाच्या चमच्याहून कमी. मेसच्या भाजीतलं मीठ तुमच्या हातात नाही, पण पापड, लोणचं, शेव-फरसाण, ताकात वरून घातलेलं मीठ हे आहे. सैंधव घेतलं म्हणून सुटका होत नाही, तेही मुख्यतः सोडियमच. पोटॅशियम घातलेलं कमी सोडियमचं मीठ मात्र मूत्रपिंडाची तपासणी झाल्यावर डॉक्टरांना विचारूनच घ्या. मेसच्या काकूंना एकदा नीट सांगून बघा, माझ्या काकू माझी आमटी मीठ घालण्याआधी वेगळी काढायच्या. रोज अर्धा तास भरभर चाला. वजन जास्त असेल तर ढोबळमानाने एक किलो उतरलं की वरचा आकडा एकाने उतरतो.

गोळीच्या भीतीबद्दल. या गोळीची शरीराला चटक लागत नाही. बीपी वाढवणारं कारण शिल्लक आहे म्हणून ती चालू ठेवावी लागते. कारण सापडून दूर झालं, वजन-मीठ-झोप सुधारली, तर डॉक्टर ती कमी करू शकतात, काहींची बंदही होते. आपल्या मनाने मात्र बंद करायची नाही. ॲम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांवर सूज येते. आली तर सांगा, गोळी बदलून मिळते. सकाळी घ्यावी की रात्री, यावर ब्रिटनमध्ये 21 हजारांहून अधिक लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष 2022 मध्ये आले आणि दोन्हींत फरक आढळला नाही. तेव्हा जी वेळ चुकणार नाही ती धरा. उपचाराविना राहिलेला 150 चा बीपी आज दुखत नाही, पण तुमच्यापुढे अजून पन्नास वर्षं आहेत आणि तेवढा काळ तो हृदयावर, मूत्रपिंडावर, डोळ्यांवर दाब देत राहील. मला ही गोळी आधार वाटते.

आकडा 180/120 च्या वर गेला तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा. तेवढाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. त्यासोबत छातीत दुखणं, धाप, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, नजर अंधूक होणं, न सोसणारी डोकेदुखी यातलं काहीही असेल तर 108 ला फोन करा, सकाळची वाट पाहू नका. छाती, हात-पाय, बोलणं यांची लक्षणं आकडा कमी असतानाही तितकीच तातडीची.

राहिलं घरच्यांना सांगणं. वडील शेतीतून पैसे पाठवतात, त्यांना आणखी घोर नको, ही तुमची भावना मला समजते. तरी सांगा. डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतील की घरात कुणाला लहान वयात बीपी होता का, पक्षाघात झाला का, कुणाला मूत्रपिंडाचा विकार होता का. याची उत्तरं तुमच्याकडे नाहीत, वडिलांकडे आहेत. आजोबा ‘अचानक गेले’ असं घरात म्हणतात, ते कोणत्या वयात आणि कशाने, हे फोनवर विचारा. आणि वडिलांनी स्वतःचा बीपी शेवटचा कधी मोजलाय तेही विचारून घ्या. गावाजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजून मिळतो.